ओसरीवरून : मोडकी मोटार आणि तिची खरी किंमत

आमच्या घराण्यात मोटारीचे वेड कोणास होते असे आम्हांस ठाऊक नाही. वडिलांनी जन्मभर पायी शाळा केली, आम्ही तीस वर्षे सायकलीवर केली, आणि आजही रिक्षात पाऊल ठेवण्यापूर्वी भाडे ठरविल्यावाचून आमचे मन स्वस्थ होत नाही. तेव्हा मोटारीविषयी आम्ही लेखणी उचलावी हे वाचकांस विपरीत वाटेल. परंतु एका मोडक्या मोटारीपायी आमच्या घरात वर्षभर जो खल चालला, आणि त्यात जी चूक आमच्या पदरी आली, ती या ओसरीवर सांगून टाकावी असे बरेच दिवस मनात आहे.

आमच्या वडील बंधूंस घरात सर्वजण दादा म्हणतात. त्यांचे चिरंजीव नोकरीनिमित्त गेली अठरा वर्षे अमेरिकेत मिशिगन राज्यात राहतात. त्यांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर एक वृद्ध विधवा बाई राहत असत. २०२२ साली त्या घर आवरून मुलीकडे जावयास निघाल्या. मागील कोठीत, जुन्या गाद्या व बागेची अवजारे यांच्या आड, त्यांच्या यजमानांची एक मोटार तेहेतीस वर्षे उभी होती. चाकांतील हवा गेलेली, बैठकीत उंदरांची बिऱ्हाडे, आणि नावाच्या पाट्या केव्हाच गळून पडलेल्या. बाईंनी आमच्या पुतण्यास बोलावून म्हटले, “तीन हजार डॉलर दे आणि ही अडगळ घेऊन जा.” आमच्या पुतण्यास लहानपणापासून यंत्रांचा नाद. त्याने दार उघडून चौकटीवरील पत्र्याची पट्टी पुसली, तिच्यावरील आकडे वाचले, आणि त्या रात्री त्यास झोप लागली नाही.

त्या आकड्यांत काय होते हे समजण्यास थोडा इतिहास सांगितला पाहिजे. अमेरिकेतील जनरल मोटर्स या कंपनीने १९६३ च्या आरंभी आपल्या सर्व शाखांस शर्यतींतून अंग काढून घेण्यास फर्माविले. तिच्या पाँटिअ‍ॅक नामक शाखेचा लौकिक तर शर्यतींवरच उभा होता. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांहून मोठे इंजिन बसवू नये असाही कंपनीचा दंडक होता. तेव्हा जॉन डिलोरियन व त्यांचे सहकारी अभियंते यांनी एक युक्ती काढली. टेंपेस्ट ल मान्स या साध्या मध्यम गाडीत मोठ्या गाडीचे ३८९ घन इंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे, आठ सिलिंडरांचे इंजिन बसवावयाचे, आणि ते स्वतंत्र गाडी म्हणून न विकता गिऱ्हाइकाने मागितल्यास मिळणारी जादा सोय म्हणून यादीत घालावयाचे. दंडक गाड्यांविषयी होता. जादा सोयींविषयी त्यात शब्द नव्हता. आमच्याकडील लहान मोटारीचे इंजिन बहुधा एक ते सव्वा लिटरचे असते हे ध्यानात घेतले म्हणजे या ‘जादा सोयीचा’ अर्थ कळेल.

या गाडीस त्यांनी जी. टी. ओ. असे नाव दिले. १९६४ च्या पहिल्या वर्षी ती ३२,४५० खपली, आणि १९६६ साली तिला स्वतंत्र गाडीचा मान मिळाला तेव्हा खप ९६,९४६ पर्यंत गेला. ही चाल पाहून इतर कारखानेही त्याच मार्गास लागले. मध्यम अंगाच्या व बेताच्या किमतीच्या गाडीत अवाढव्य इंजिन घातलेल्या या पिढीस पुढे ‘मसल कार’, म्हणजे दंडाच्या बळाची मोटार, असे नाव पडले. या पिढीचे आयुष्य दहा वर्षांहून फारसे अधिक नव्हते. विम्याचे हप्ते तरुणांस न पेलण्याइतके वाढले, १९७० साली हवा शुद्ध राखण्याचा कडक कायदा झाला, आणि १९७३ साली अरब राष्ट्रांनी तेल रोखले. पाँटिअ‍ॅकची शाखाही २०१० साली कायमची बंद झाली. अर्थात जे उरले त्याची किंमत वाढली; आणि वाढली म्हणताच साध्या ल मान्सवर जी. टी. ओ.ची पाटी ठोकून विकणारेही निघाले.

येथे ती पट्टी उपयोगी पडते. १९६६ च्या पाँटिअ‍ॅकवर तेरा खुणांचा क्रमांक असे. त्यातील पहिले तीन आकडे २३७ असतील तर गाडी ल मान्स, आणि २४२ असतील तर ती जी. टी. ओ. पुढील १७ म्हणजे पक्क्या छपराची दोन दारी गाडी, त्यापुढील ६ हे साल, आणि नंतरचे अक्षर कारखान्याचे. आधीच्या दोन वर्षांच्या गाड्यांत ही सोय नाही. त्यांची जात कारखान्याच्या जुन्या कागदपत्रांवरूनच सिद्ध करावी लागते. आमच्या पुतण्याने पुसलेल्या पट्टीवर २४२१७ हे आकडे होते, आणि कारखान्याचे अक्षर होते पी, म्हणजे पाँटिअ‍ॅक गाव, जे त्याच्या घरापासून वीस मैलांवर आहे. बाई जिला अडगळ म्हणत होत्या ती अस्सल वस्तू होती, आणि तिची किंमत, आहे त्या स्थितीतही, तीन हजारांच्या कितीतरी पट होती. बाईंस हे ठाऊक नव्हते. आमच्या पुतण्यास ठाऊक होते. आता बोलावे की न बोलावे?

दुसऱ्या दिवशी त्याचे पत्र आले. त्याने गाडीची सर्व हकीकत लिहून अखेरीस विचारले होते, “काका, आपण धर्मशास्त्र वाचले आहे. मी न बोलता तीन हजार मोजले तर यात अधर्म आहे काय? मी खोटे काहीच बोलत नाही. त्यांनीच भाव सांगितला आहे.”

आम्ही जे उत्तर लिहिले ते आज जसेच्या तसे कबूल करतो. आम्ही लिहिले की, आपली वस्तू ओळखणे हे विकणाराचे काम आहे. तू विद्या संपादन केलीस, तिचे फळ तुला मिळाले तर त्यात गैर ते काय? वैद्यास मुळी ओळखता येते म्हणून तो रानाच्या मालकास भरपाई देत नाही. मनुस्मृतीत जी अठरा व्यवहारपदे सांगितली आहेत त्यांत क्रयविक्रयानुशय, म्हणजे खरेदी अगर विक्री केल्यानंतरचा पश्चात्ताप, हे एक आहे, आणि अशा पश्चात्ताप पावलेल्यास दहा दिवसांची मुदत दिलेली आहे. तेवढे दहा दिवस गाडीस हात लावू नकोस, म्हणजे तू मोकळा झालास. हे उत्तर लिहून झाल्यावर आम्हांस आमच्या विद्वत्तेचे बरेच समाधान वाटले, हेही कबूल केले पाहिजे.

चार दिवसांनी जे पत्र आले ते पुतण्याचे नव्हते, सूनबाईंचे होते. या मुलीने लग्न होऊन आल्यापासून आमच्यापुढे कधी मोठ्याने शब्द काढला नव्हता. तिने लिहिले :

“ती. काकांस शि. सा. न. वि. वि. आपले पत्र ह्यांनी मला वाचून दाखविले. गाडी घेण्यास माझी ना नाही. ह्यांना हात काळे करावयास काही हवे आहे हे मला दिसते, आणि सोळा वर्षांचा मुलगा आताशा जेवणाखेरीज आमच्यात बसत नाही, तो कदाचित त्या गाडीपाशी बसेल. पण आपण लिहिलेले दहा दिवस मला कळले नाहीत. ज्यास आपले काय गेले हेच कळणार नाही त्यास दहा दिवसांत पश्चात्ताप व्हावा कसा? दुसरे असे की, पोथ्यांची गोष्ट आपणच मला सांगितली होती. लहान तोंडी मोठा घास घेतला, क्षमा असावी.”

पोथ्यांची गोष्ट अशी. आमचे आजोबा दशग्रंथी. त्यांच्या हातच्या व त्यांच्या गुरूंच्या घरून आलेल्या हस्तलिखित पोथ्यांची तीन गाठोडी माळ्यावर होती. १९७८ साली, आम्ही शिक्षणासाठी परगावी असता, घर शाकारण्याच्या गडबडीत ती रद्दीवाल्यास वजनावर दिली गेली. एकंदर बारा रुपये आले. आम्ही परत येऊन रद्दीवाल्यास गाठले, तेव्हा तो म्हणाला, “पोथ्या आहेत हे मला दिसले होते, म्हणून तर मी त्या फाडल्या नाहीत. मी त्या एका गृहस्थास चांगल्या भावाने विकल्या. तुमच्याच माणसांनी रद्दी म्हणून दिल्या, मी खोटे काय बोललो?” त्या गृहस्थाचा पत्ता त्याने दिला नाही. त्या माणसास आम्ही पुढे चाळीस वर्षे प्रत्येक लग्नमुंजीच्या पंगतीत चोर म्हटले आहे. आणि आता आमचे पत्र समोर ठेवून पाहतो तो त्यात त्या रद्दीवाल्याचेच म्हणणे, फक्त शुद्ध भाषेत आणि शास्त्राधारासह, लिहिलेले होते.

त्या दिवशी आम्ही दुपारचा चहा घेतला नाही. आमच्या कुटुंबाने कारण विचारले, तेव्हा पत्र तिच्या हाती दिले. ती वाचून इतकेच म्हणाली, “मग आता तसे कळवा की.” आम्ही तसे कळविले.

पुतण्याने बाईंस जाऊन सर्व सांगितले, आणि जुन्या गाड्या जाणणाऱ्या एका तिऱ्हाईत माणसाकडून दोघांच्या समक्ष तपासणी करविली. त्या तपासणीत दुसरी बाजूही निघाली. पाँटिअ‍ॅकची आठ सिलिंडरांची निरनिराळ्या शक्तींची इंजिने बाहेरून बहुतेक सारखीच दिसतात, म्हणून एकाच्या जागी दुसरे सहज बसते. या गाडीतील मूळचे ३८९ केव्हाच गेले होते आणि त्या जागी नंतरच्या एका गाडीचे ३५० बसविलेले होते. इंजिनावरील खुणेच्या अक्षरांवरून हे कळले. शिवाय मिशिगनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. त्या मिठाने डिकीचा तळ चाळणीसारखा झाला होता, आणि मागील चाकांवरच्या पत्र्यास लोहचुंबक लावले तर तो चिकटेना, म्हणजे रंगाखाली पत्रा नसून पुट्टी होती. तेव्हा अंगाने अस्सल, हृदयाने परकी व पायांनी खंगलेली अशा या गाडीची रास्त किंमत साडेनऊ हजार डॉलर ठरली. बाईंनी ती मान्य केली. आमच्या पुतण्याने सहा हजार लगेच व उरलेले वर्षभरात देण्याचे ठरविले. मालकीचे कागद यजमानांच्या नावचे होते. ते बाईंच्या नावे होऊन मग याच्या नावे होईपर्यंत त्याने गाडीस हात लावला नाही.

हे साडेसहा हजार अधिक कोठून आले हेही सांगणे प्राप्त आहे. २०२३ च्या जानेवारीत दादांच्या पंचाहत्तरीची शांत होती. त्यासाठी चौघांच्या विमानप्रवासाचे जे पैसे बाजूस ठेवले होते ते यात गेले आणि मंडळी आली नाहीत. दादा पुतण्यावर रागावले ते रागावलेच, पण आमच्यावर अधिक रागावले. “तुम्ही चुलते-पुतणे सत्यवादी व्हा, माझ्या शांतीला मुलगा नव्हता,” असे ते भर मांडवात म्हणाले. त्यांचे म्हणणे खोटे होते असे आम्हांस म्हणता येत नाही. सत्य बोलल्याचे फळ गोड असते असे आपण मुलांस शिकवितो. ते दुसऱ्याच्याच ताटातून घ्यावे लागते तेव्हा काय म्हणावे हे आम्ही शिकविले नाही, आणि आम्हांस ते ठाऊकही नाही.

२०२४ च्या उन्हाळ्यात दादा, वहिनी व आम्ही उभयता तिकडे तीन महिने होतो. त्या अवधीत रोज संध्याकाळी कोठीत खुर्ची टाकून आम्ही जे पाहिले त्यातील काही गोष्टी, ज्या घरांत कोणी असेच एखादे जुने धूड घेण्याचा विचार करीत असेल, त्यांस उपयोगी पडतील म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट धीराची. वर्षानुवर्षे बंद असलेल्या इंजिनास किल्ली फिरवून जागे करू नये. आत गंज धरलेला असतो, आणि बळ लावले तर दट्ट्यांच्या कड्या मोडतात व सिलिंडरांच्या भिंतींवर ओरखडे पडतात. पुतण्याने प्रत्येक सिलिंडरात गंज सोडविणारे तेल घालून बरेच दिवस ठेवले, आणि मग लांब दांड्याच्या पान्याने इंजिन हाताने बोटभर पुढे, बोटभर मागे असे फिरविले. पेट्रोलच्या टाकीत जुन्या पेट्रोलचा लाखेसारखा चिकट साका झाला होता. टाकी, नळ्या व कार्ब्युरेटर हे सर्व साफ झाल्याशिवाय ताजे पेट्रोल घातले नाही.

दुसरी गोष्ट क्रमाची. पळविण्याआधी थांबविण्याची तजवीज पाहिजे. १९६६ च्या या गाडीत चारही चाकांच्या ब्रेकांचे तेल एकाच कोठ्यातून एकाच मार्गाने जात असे, म्हणजे कोठेही एक गळती झाली की चारही ब्रेक गेले. पुढील वर्षापासून कारखान्याने दुहेरी मार्ग केला. अस्सलतेचे अभिमानी म्हणतात की मूळचेच ठेवावे. आमच्या पुतण्याने दुहेरी बसविले. मुलगा शेजारी बसणार आहे, एवढेच कारण त्याने सांगितले. ब्रेकच्या जुन्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुप्फुसांस घातक आहे, म्हणून ती फुंकून किंवा झाडून काढू नये, ओल्या फडक्याने पुसावी, हे त्याने मुलास पहिल्याच दिवशी बजाविले होते.

तिसरी गोष्ट नोंदीची. एखादी गाडी पूर्ण सुटी करणे चार दिवसांचे काम. ती पुन्हा जोडणे चार वर्षांचे. अशा कित्येक गाड्या खोक्यांत भरलेल्या स्थितीतच पुन्हा विकल्या जातात असे पुतण्या सांगतो. त्याने एका वेळी एकच भाग सोडविला. नातवाने प्रत्येक भागाचे सोडविण्यापूर्वी छायाचित्र घेतले, आणि प्रत्येक बोल्ट चिठ्ठी लावलेल्या पिशवीत ठेवला. त्या चिठ्ठ्या त्याने आजोबांस दाखविण्यासाठी मराठीत लिहिल्या होत्या. ‘डावे दार, वरची बिजागरी’ यात ‘बिजागरी’ त्याने चुकीची लिहिली होती. दादांनी ती दुरुस्त केली, आणि पंचाहत्तरीनंतर प्रथमच ते कोठीत दुसरी खुर्ची टाकून बसले.

चौथी गोष्ट पैशाची. सूनबाईंनी पहिल्या दिवसापासून वही ठेवली आहे. आम्ही गेलो तेव्हा तीत खरेदीसह एकोणतीस हजार डॉलर लागलेले होते आणि रंग व्हावयाचा होता. पत्र्याचे काम व रंग हेच सर्वांत खर्चाचे, इंजिनाचे त्या मानाने थोडे. गंज जितका दिसतो त्याच्या कितीतरी पट आत असतो. उद्या ही गाडी विकली तर घातलेली रक्कम परत येईल की नाही याची शंका आहे, आणि श्रमांची मजुरी तर खचितच येणार नाही. नफ्याच्या हेतूने हा उद्योग करणाराने दुसऱ्याने पूर्ण केलेली गाडी विकत घ्यावी. ती बहुधा स्वस्त पडते.

आपल्या धर्मकृत्यांत आरंभी संकल्प असतो. मी कोण, कोठे, कोणत्या दिवशी, कशासाठी हे कर्म करीत आहे, हे हातात पाणी घेऊन स्पष्ट बोलावे लागते. जीर्ण वस्तू घेणारानेही तसेच करावे असे आम्हांस सुचते. विकण्यासाठी, मिरविण्यासाठी, चालविण्यासाठी, की घरातील एखाद्या माणसाशेजारी बसण्यासाठी, हे पैसे मोजण्यापूर्वी घरच्यांसमक्ष मोठ्याने बोलावे. जीर्णोद्धार या शब्दात उद्धार आहे, म्हणजे खाली पडलेले वर उचलणे. ते उचलताना आपण दुसऱ्या कोणास खाली दाबले असेल, तर वरचा रंग कितीही चांगला झाला तरी पत्र्याच्या जागी पुट्टीच राहते.

डेट्रॉईटपासून पाँटिअ‍ॅक गावापर्यंत वुडवर्ड नावाचा जो रुंद रस्ता जातो, त्यावर १९९५ पासून दर ऑगस्टात जुन्या मोटारींची जत्रा भरते. आमच्या मुक्कामात ती आली. रंग न झालेली, प्रायमरमुळे राखेच्या रंगाची आमची गाडी त्यात गेली. पुढे बाप-लेक, मागे दादा व आम्ही. त्या बाईंस आमंत्रण होते. त्या रस्त्याच्या कडेस मुलीसह उभ्या होत्या. गाडी थांबली तेव्हा त्यांनी दारावर हात ठेवला, आत वाकून पाहिले, आणि म्हणाल्या, “आवाज वेगळा आहे.” तो वेगळा असणारच, कारण इंजिन यजमानांच्या वेळचेच असले तरी धुराच्या नळ्या नव्या होत्या. दादांनी आम्हांस मराठीत विचारले, “बाई नाराज झाली काय?” आम्हांस सांगता आले नाही.

आमच्या आजोबांच्या पोथ्या कोठे आहेत हे आजही आम्हांस माहीत नाही. रद्दीवाला वारून बरीच वर्षे झाली. पंगतीत त्याचे नाव काढणे मात्र आम्ही २०२२ पासून बंद केले आहे. असो.